आधी वडील की मुलगा? अली आणि व्यू फार्का तूरे यांची गिटार

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाची गिटार एकदा कानात शिरली की गिटार वाजवणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. हे आपल्या हातात कसं आणायचं, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो: सुरुवात अली फार्का तूरे यांच्यापासून करायची, की त्यांचा मुलगा व्यू फार्का तूरे याच्यापासून? विचारलं तर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, आधी वडील ऐका, मूळ तिथे आहे. दुसरा म्हणतो, मुलगा ऐका, आजच्या कानाला तो सोपा जातो. सल्ला देणारे दोघेही या बापलेकांकडे जुनं आणि नवं म्हणून बघतात, आणि तिथेच माझं त्यांच्याशी जमत नाही. माझ्या मते खरा फरक लय कोण धरतं यात आहे. वडिलांच्या गाण्यात लय गिटारच्या ताब्यात असते. मुलाच्या गाण्यात ती ड्रम आणि बासकडे गेली आणि गिटार मोकळी सुटली. म्हणून दोघांत थोर कोण, हा वाद चहावर सोडून द्या. तुम्ही घरी एकटे वाजवणार आहात की चौघांच्या संगतीत, हे आधी ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

माणसं कोण, कुठली

अली १९३९ सालचे. जन्म नायजर नदीकाठच्या कनाऊ गावातला, पण वाढले निआफुंकेला. हेही नदीकाठचंच गाव, टिंबक्टूच्या वरच्या अंगाला. वडील फ्रेंच सैन्यात असताना गेले. अली हे आईचं दहावं मूल, पण तान्हेपणातून वाचलेलं पहिलंच, म्हणून नाव पडलं 'फार्का', म्हणजे गाढव. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवत, तीच ही चाल. घराणं प्रतिष्ठित. मालीत गाणंबजावणं हे परंपरेने ग्रिओंचं काम, म्हणजे तो पेशाच असलेल्या घराण्यांचं. अली त्यातले नव्हते. त्यांच्याकडे वाद्य वारशाने आलं नाही, हट्टाने आलं.

सुरुवातीची वाद्यं गावातलीच: जुरकेल ही एका तारेची छेडायची वीणा, न्जार्का हे एकाच तारेचं गजाने वाजवायचं वाद्य, आणि न्गोनी हे छेडून वाजवायचं छोटं तंतुवाद्य. १९५६ मध्ये त्यांनी गिनीच्या फोदेबा केइता यांचा कार्यक्रम पाहिला आणि गिटारने त्यांना धरलं. स्वतःची गिटार मात्र १९६८ साली बल्गेरियात, सोफियाला महोत्सवासाठी गेले असताना मिळाली. सत्तरच्या दशकात ते राजधानी बामाकोला रेडिओ मालीत ध्वनितंत्रज्ञ होते. तिथे केलेली ध्वनिमुद्रणं पॅरिसला जात आणि तिकडे तबकड्या निघत. १९८७ मध्ये लंडनच्या 'वर्ल्ड सर्किट' या कंपनीने त्यांचा अल्बम काढला आणि ते जगभर पोचले. तरी शेती सुटली नाही. मैफलींपेक्षा भाताच्या शेतात आणि कालव्याच्या कामात त्यांचा जीव अधिक रमत असे. २००४ मध्ये ते निआफुंकेचे महापौर झाले आणि मार्च २००६ मध्ये हाडांच्या कर्करोगाने बामाकोत वारले.

व्यू १९८१ चा, निआफुंकेचाच. खरं नाव बूरेइमा. संगीताच्या धंद्यात अलींनी चटके सोसले होते, त्यामुळे मुलाने त्यात पडू नये, सैन्यात जावं, असं त्यांचं म्हणणं. पोरगा बामाकोच्या राष्ट्रीय कला संस्थेत गेला, तिथे कलाबाश (वाजवायचा सुका भोपळा) आणि इतर तालवाद्यं शिकला आणि गिटारवर चोरून हात बसवत राहिला. शेवटी कोरा या वीणेसारख्या बहुतारी वाद्याचे वादक तूमानी दियाबाते यांनी मध्यस्थी करून अलींचं मन वळवलं. मुलाच्या पहिल्या अल्बममध्ये वडिलांनी दोन गाण्यांत गिटार वाजवली. तो अल्बम २००७ मध्ये बाहेर पडला, तेव्हा अली हयात नव्हते.

व्यू गिटारकडे तालाच्या दारातून आला, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या तुलनेत ती कामाला येते.

आणखी एक. वडिलांना 'आफ्रिकेचे जॉन ली हूकर' म्हणतात आणि मुलाला 'सहाराचा हेंड्रिक्स'. हूकर अमेरिकी ब्लूजचे गायक-गिटारवादक, हेंड्रिक्स रॉकचा गिटारवादक; दोन्ही बिरुदं अमेरिकेकडे तोंड करून लावलेली. अलींना त्यांचं ते बिरुद मुळीच आवडत नसे. हूकर यांचं गाणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा त्यांना ते आपल्याच वाळवंटातल्या तुआरेग लोकांचं वाटलं होतं. निवड करणाऱ्याला ही लेबलं दुहेरी चकवतात. हूकरच्या आशेने अली ऐकायला बसलेला माणूस ब्लूजचे ठरलेले बारा बार आणि तीन कॉर्ड शोधत राहतो, आणि ते तिथे नसतात. हेंड्रिक्सच्या आशेने व्यू लावणारा दर गाण्यात आतषबाजीची वाट बघतो.

उजवा हात

दोघांचाही उजवा हात अंगठा आणि तर्जनी यांवर चालतो. बाकीच्या बोटांना जवळपास सुट्टी. ही न्गोनी वाजवणाऱ्यांची जुनी पद्धत. आपल्याकडे क्लासमध्ये अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका अशी चार बोटांची शिस्त शिकवतात. ती बाणलेल्या मुलांना इथे पहिला त्रास होतो, कारण हात आपोआप तिसऱ्या बोटाकडे धावतो. नुसत्या पिकने वाजवणाऱ्यांना उलट सोपं जातं. तर्जनीला पिकसारखं खालीवर चालवायचं आणि अंगठा वेगळा सोडवायचा, एवढंच काम त्यांना उरतं.

पण हात तोच असला तरी कामाची वाटणी दोघांत निराळी आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती बारकाईने पाहण्यासारखी आहे.

अलींचा अंगठा खर्जाच्या तारांवर षड्जाकडे सारखा परत येतो. सितारीत जोडाची तार मधूनच छेडली जाते आणि आसपासचा सगळा सूर भरून राहतो, तसा परिणाम होतो. पण हा अंगठा घड्याळासारखा ठोके देत नाही. अमेरिकी फिंगरपिकिंगमध्ये अंगठा दोन तारांवर आलटूनपालटून चालतो आणि बोटं वर धून वाजवतात. तसली सरळ वाटणी इथे सापडत नाही. अलींच्या अंगठ्याचा आघात आणि तर्जनीचा आघात एकमेकांच्या फटीत बसतात. दोन्ही मिळून एक तुकडा होतो, चार-सहा सुरांचा. तो तुकडा फिरत राहतो, आणि पाचव्या-सहाव्या फेरीला त्यातला एखादाच सूर बदलतो. डावा हात हॅमर-ऑन आणि पुल-ऑफने एका आघातात दोनतीन सूर काढतो. आपल्या भाषेत खटके आणि मुरक्या. त्यामुळे ऐकताना बोटं धावताहेत असं वाटतं; व्हिडिओ बघावा तर उजवा हात आरामात असतो.

हे हाताला जड का जातं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. एकेक सूर अवघड नाही. चार मिनिटं तोच तुकडा त्याच वजनाने फिरवायचा, घाई करायची नाही, कंटाळून सजवायचाही नाही, आणि वरून गायचं, हे अवघड आहे. अली गाताना गिटार बऱ्याचदा गळ्याची धून धरून चालते, ओळ संपली की उत्तर देते आणि पुन्हा फिरत्या तुकड्यात शिरते. एकतारीवर भजन म्हणणाऱ्याला यातलं मर्म चटकन कळेल. गिटारच्या क्लासमध्ये वाढलेल्याला वेळ लागेल.

व्यूचा अंगठाही हीच विद्या जाणतो. पहिल्या अल्बममध्ये आणि अकूस्टिक गाण्यांत ती स्पष्ट ऐकू येते. पण बँड सोबत आला की अंगठ्याचं ओझं बास गिटार उचलते, आणि मग त्याची तर्जनी सुटते. सूर एकामागून एक, वेगात, गिटारच्या वरच्या पडद्यांपर्यंत. अँप्लिफायर तापवलेला. कधी वा-वा पेडल, कधी प्रतिध्वनी. अलीही इलेक्ट्रिक गिटार वाजवत, आणि ती थोडी खरखरीत लागे, पण तिथे ती खरखर म्हणजे आवाजाचा पोत. व्यूकडे ती बऱ्याचदा मजकूर होते: रॉकमधल्यासारखा लांब धरलेला सूर, त्याच्या शेवटाला कंप, मग सुरांचा लोंढा. हा लोंढाही शेवटी त्याच पाच सुरांत फिरतो आणि त्याच तुकड्यावर येऊन उतरतो. म्हणून तो नुसत्या बोटांच्या कसरतीपेक्षा वरचा वाटतो. अर्थात प्रत्येक वेळी नाही. प्रत्यक्ष मैफलींच्या काही ध्वनिमुद्रणांत लोंढा जास्त आणि उतरणं कमी होतं, आणि तिथे मला वडिलांची आठवण येते.

सूर लावणं

अलींच्या बऱ्याच गाण्यांत सहावी तार ईवरून चढवून जीला लावलेली असते, बाकीच्या पाच नेहमीच्याच: जी, ए, डी, जी, बी, ई. त्यामुळे खाली भरदार जी मिळतो आणि चौथ्या-पाचव्या तारांवरचे तुकडे त्याच्याभोवती गुंफता येतात. नेहमीच्या ट्यूनिंगवर ती गाणी बसवायला गेलं की सूर सापडतात, पण ती घुमणारी पोकळी येत नाही.

सहावी तार तीन स्वरस्थानं चढवायची म्हणजे ताण चाळीसेक टक्क्यांनी वाढतो. तार तुटू शकते, आणि स्वस्त गिटारचा ब्रिज उचलला जाण्याची धास्ती वेगळीच. सोपी तोड अशी: सहावी ईलाच राहू द्या आणि बाकीच्या पाच तारा तीन स्वरस्थानं उतरवा. म्हणजे खालून ई, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. मग तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. आवाज तोच, गिटार सुखरूप. तारा थोड्या ढिल्या लागतात, पण खटक्यांना ते उलट सोयीचं पडतं. नेहमी वापरता त्यापेक्षा थोड्या जाड तारा चढवल्या तर ढिलेपणाही जाणवत नाही.

सुरांचं म्हणाल तर यातल्या पुष्कळ धुना पाच सुरांच्या आहेत: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हिंदुस्थानी कानाला हा सरळ धानी वाटेल. सगळंच काही धानी नाही. शिवाय अली सोंघाई, फुल्फुल्दे, तामाशेक, बांबारा अशा वेगवेगळ्या भाषांत गात, आणि त्या त्या लोकांच्या चाली वेगळ्या. पण दारातून आत शिरायला धानी पुरतो. कॉर्ड शोधत बसू नका. बहुतेक गाणी एकाच षड्जावर सुरू होतात आणि तिथेच संपतात.

लय, म्हणजे मूळ मुद्दा

अलींच्या मागे बहुतेक वेळा कलाबाश असतो. मोठा सुका भोपळा अर्धा कापून पालथा घातलेला. त्यावर मुठीने खोल ठोका आणि बोटांनी किंवा काड्यांनी वरचा टणक आवाज. सोबत कधी कोंगा, कधी नुसती टाळी. गाण्यांची चाल बऱ्याचदा बारा मात्रांच्या अंगाची असते, जी तीन-तीनच्या चार गटांत मोजता येते आणि दोन-दोनच्या सहांतही. दादरा मोजायची सवय असलेल्याला वाटतं, हे सोपं. मग तो सम शोधायला जातो आणि ती सापडत नाही, कारण गिटारचा तुकडा समेवर सुरूच होत नाही. तो आधी सुरू होतो किंवा किंचित नंतर. कलाबाश सम सांगतो, पण हळू आवाजात. लयीची खरी सूत्रं गिटारच्या हातात असतात, आणि गिटार ती उघड करत नाही.

व्यूच्या बँडमध्ये ड्रमसेट असतो. बास ड्रम आणि स्नेअर सम स्वच्छ दाखवतात, बास गिटार तिच्यावर रेघ ओढते. ऐकणाऱ्याचा पाय पहिल्या दहा सेकंदांत हलायला लागतो. मूळ कलाबाश वाजवणारा हा माणूस, त्याने ताल दुसऱ्याच्या हाती दिला आणि स्वतः त्या तालावर स्वार झाला. काही जाणकारांना यात ऱ्हास दिसतो. मला तसं वाटत नाही. तालवाल्यालाच हे नेमकं जमतं: ठेका मागे पक्का आहे हा भरवसा असल्याशिवाय माणूस गिटारवर इतका सैल, इतका पुढेमागे वाजवूच शकत नाही. पण शिकणाऱ्यावर याचा परिणाम उलटा होतो. व्यूची ओळ जशीच्या तशी उतरवून घरी एकटं वाजवलं की ती कोरडी लागते, कारण तिला लागणारी जमीन दुसऱ्यांनी घातलेली असते. अलींचा तुकडा एकट्याने वाजवला तरी तो पूर्ण असतो.

एकच गाणं, दोन रूपं

हे शब्दांत पटलं नाही तर 'दियाराबी' ऐका. बांबारा भाषेतलं जुनं प्रेमगीत. अलींचं रूप १९९४ च्या 'टॉकिंग टिंबक्टू'मध्ये आहे, अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासोबत. व्यूचं २०२२ च्या 'अली' या अल्बममध्ये, ह्यूस्टनच्या क्रुआंगबिन या त्रिकुटासोबत. अख्खा अल्बमच मुलाने वडिलांच्या गाण्यांना वाहिलेला आहे.

१९९४ च्या रूपात घाई नावाला नाही. अलींची गिटार तुकडा मांडते, कूडरची तिच्या कडेकडेने चालते, आणि सात मिनिटं हा प्रवास जवळपास एका जागी उभं राहून होतो. २०२२ च्या रूपात आधी बासची गोल, सुस्त रेघ आणि कोरडे ड्रम तुम्हाला बसवून घेतात. व्यूची गिटार त्यांच्यावर तरंगत येते, मध्ये थांबते, पुन्हा येते. आता मनातल्या मनात दोन्हींतून मुख्य गिटार काढून टाका. पहिल्यात गाणं राहत नाही. दुसऱ्यात ठेका बिनधास्त चालू राहतो आणि पाहुण्यांना नाचता येतं. मला तर हे सुरेख आहे म्हणूनच थोडं अस्वस्थ करतं: क्रुआंगबिनचा गालिचा इतका मऊ आहे की व्यूचे काटे त्यात बुडतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मात्र याच्याइतकं प्रेमळ दार दुसरं नाही.

जाता जाता: राय कूडर हे नाव आपल्याकडे अनोळखी नाही. 'टॉकिंग टिंबक्टू'च्या आदल्या वर्षी त्यांचा पंडित विश्वमोहन भट्ट यांच्यासोबतचा मोहनवीणेचा अल्बम आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. मग अलींसोबतच्या या अल्बमलाही. दोन्ही पाठोपाठ ऐकले तर कूडर पाहुणा म्हणून किती कमी जागा घेतात ते दिसतं.

कुठली रेकॉर्ड आधी

अलींच्या बाबतीत सगळे 'टॉकिंग टिंबक्टू' सुचवतात. ऐकायला ती उत्तमच आहे. शिकायला मी ती दुसऱ्या नंबरवर ठेवीन, कारण कूडर आणि अली यांच्यातलं काय कुणाचं, हे नवख्या कानाला सुटत नाही. शिकणाऱ्याने १९९९ ची 'निआफुंके' घ्यावी. अली गाव सोडून यायला तयार नव्हते, तेव्हा ध्वनिमुद्रणाची यंत्रं आणि जनरेटर त्यांच्या गावी नेले गेले, आणि एका पडीक इमारतीत, शेतीच्या कामांतून त्यांना सवड मिळेल तसं काम झालं. पाहुणे कलाकार नाहीत. गिटार, गळा, कलाबाश, कोंगा आणि मागे गाणारे गावकरी. अंगठा कुठे पडतो ते स्पष्ट ऐकू येतं. साथ कशी करावी हे शिकायचं असेल तर २००५ ची 'इन द हार्ट ऑफ द मून'. बामाकोच्या हॉटेल मांदेमध्ये अली आणि तूमानी दियाबाते तालमीशिवाय बसले, कोरा वर उडत राहिली आणि अलींनी खाली जमीन धरून ठेवली. 'सावान' २००६ मध्ये, त्यांच्या जाण्यानंतर आली. न्गोनीवादकांमुळे ती भरगच्च आहे आणि मला सगळ्यांत प्रिय आहे, पण पहिली म्हणून देणार नाही.

व्यूचं ऐकायचं तर २००९ चा 'फोंदो'. तापलेली गिटार, घट्ट बँड, आणि गाणी गाणीच राहिलेली. २०११ चा 'द सीक्रेट' जॉन स्कोफिल्ड, डेरेक ट्रक्स, डेव्ह मॅथ्यूज अशा मोठ्या नावांचा आहे; नावांपायी यजमान मागे सरकल्यासारखा वाटतो. अकूस्टिक गिटार हवी तर 'द तेल अवीव सेशन' घ्या. इदान रायखेल यांच्या पियानोसोबत काही तासांच्या उत्स्फूर्त वादनातून तो अल्बम निघाला, आणि यात व्यूचा अंगठा त्याच्या इलेक्ट्रिक कामापेक्षा जास्त बोलतो.

इथे एक गुंता सांगायला हवा. २०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र जिहादी गटांच्या हाती गेला आणि त्यांनी संगीतावर बंदी घातली. निआफुंकेही त्याच टापूत. पुढच्या वर्षी व्यूने 'माँ पेई', म्हणजे 'माझा देश', काढला, आणि त्याची गिटार पुन्हा शांत, जास्त अकूस्टिक झाली. त्यात कोरा वाजवायला तूमानींचा मुलगा सिदिकी दियाबाते होता. दोन वडिलांची जोडी संपली होती, दोन मुलांनी ती चालवली. २०२२ चा 'ले रासिन' तर त्याने बामाकोत स्वतःच्या स्टुडिओत केला, आणि स्टुडिओचं नाव वडिलांचंच. म्हणजे मुलगा एकाच वर्षी एका अल्बममध्ये ह्यूस्टनच्या गालिच्यावर बसला आणि दुसऱ्यात वडिलांच्या ओसरीवर. त्यामुळे 'वडील म्हणजे अकूस्टिक, मुलगा म्हणजे इलेक्ट्रिक' अशी फाळणी कुणी करून दिली तर घेऊ नका.

मग कुणी कुणाकडे जावं

एकच गिटार आहे, घरात एकट्याने वाजवता, शेजारी तक्रार करतात: अली. प्रश्नच नाही. एक तुकडा घ्या, अंगठा-तर्जनीने बसवा, आणि तो न थांबता फिरवता येईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. वेग वाढवायचा मोह होईल. त्याऐवजी आवाज कमी करून बघा; हळू आवाजात लय टिकते का, ही खरी परीक्षा. ज्यांना गिटार वाजवत गायचं आहे त्यांनाही अलींचीच वाट बरी.

कॉलेजचा बँड आहे, बासवाला वेळेवर येतो, ड्रमरला मीटर कळतो: व्यू. त्याच्या गाण्यांत प्रत्येकाला नेमकं काम आहे, आणि कॉर्ड बदलत नसल्यामुळे नव्या बँडला ऐकण्याची शिस्त लागते. गिटारवाल्याने मात्र आधी ठेका ऐकावा आणि आपला लोंढा शेवटी सोडावा. पाच सुरांचं स्केल पाठ असलेला मुलगा अशा एका षड्जाच्या गाण्यात पहिल्या मिनिटातच सगळं सांगून मोकळा होतो आणि पुढची चार मिनिटं तेच तेच वाजवतो. हे मी पुण्यातल्या तालमींत पुष्कळ वेळा बघितलं आहे. व्यूकडून शिकायचं ते थांबणं.

नुसतं ऐकायचं आहे आणि कान रॉकवर वाढलेला आहे, तर 'फोंदो'पासून मागे चालत या. कान शास्त्रीय संगीतावर वाढलेला असेल तर थेट 'इन द हार्ट ऑफ द मून'. एका षड्जावर तासभर बसायची सवय तुम्हाला आहेच, त्यामुळे ड्रमच्या टेकूची गरज पडणार नाही. घरात सगळ्यांसाठी, जेवताना, गाडीत: क्रुआंगबिनसोबतचा 'अली'. त्याला कुणी नाही म्हणत नाही.

क्लास घेणाऱ्यांना वेगळं सांगतो. दोघांपैकी कुणाचंही गाणं टॅबवरून, म्हणजे कुठल्या तारेचा कुठला पडदा हे आकड्यांत लिहिलेल्या कागदावरून, शिकवू नका. टॅबमध्ये सूर येतात, अंगठ्याचं वजन येत नाही, आणि इथे तेच सगळं आहे. तुकडा तोंडाने म्हणून घ्या, मग हातात द्या.

आणि दोघं एकत्र ऐकायचे असतील तर तीन जागा आहेत. व्यूच्या पहिल्या अल्बममधली वडिलांच्या गिटारची ती दोन गाणी. 'द सीक्रेट'मधलं त्याच नावाचं गाणं, ज्यात दोघांचं एकत्र केलेलं शेवटचं ध्वनिमुद्रण आहे. आणि 'अली अँड तूमानी': ध्वनिमुद्रण २००५ मध्ये लंडनला झालं, अल्बम २०१० मध्ये आला, डबल बासवर क्यूबाचे काचाइतो लोपेस. त्यात व्यू गिटारला हात लावत नाही, वडिलांच्या मागे कोंगा वाजवतो. निर्णय होत नसेल तर हाच अल्बम आधी लावा, शक्यतो हेडफोनवर. पहिल्यांदा नुसता कोंगा ऐका आणि टेबलावर हाताने धरा. तो चुकायचा थांबला की मग अलींच्या अंगठ्याकडे वळा.